जवाईबापूंचा ढोल

जावयाने सासुरवाडीला मिठाई न्यावी, कपडे न्यावेत, वाद्य नेऊ नये. तिथे खरं बोलणारं कोणी भेटत नाही.

माझा ड्रमसेट लहान. पायाने वाजवायचा बास ड्रम अवघा १८ इंची. रॉकवाले २२ इंची वापरतात, पण तेवढा घेतला असता तर गोंदियाच्या आमच्या दोन खोल्यांतून कोणाला तरी बाहेर पडावं लागलं असतं, आणि कोणाला, ते बायकोने दुकानातच सांगून टाकलं होतं. शेजाऱ्यांनीही १८ इंचांवरच हात जोडले. म्हणून दिवाळीत सगळा पसारा गाडीत कोंबून आम्ही तिच्या माहेरी, तिरोडा तालुक्यात, बोदलकसा तलावाजवळच्या गावी गेलो. तलाव इंग्रजांच्या अमदानीतला, १९१७ सालचा. मातीचं धरण, मागे जंगल, पलीकडे नागझिरा अभयारण्य. इथे ढोल बडवला तर तक्रार करायला वाघानेच यावं, असा माझा हिशेब.

तोवर साळ्याने गावभर जाहीर केलं होतं की यंदाच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडारीचं लोकनाट्य सुरू व्हायच्या आधी, भाऊजी ड्रम वाजवणार.

मी अंगणात ड्रम मांडला आणि पायडल दाबलं. आवाज आला टण्ण. पत्र्याचा रिकामा पिपा पडावा तसा.

"मस्त वाजते जी, जवाईबापू!" मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. सासूबाईंनी चहा पाठवला.

आवाज छातीत घुमायला हवा, ही माझी जिद्द. शास्त्र मला पाठ होतं. सगळे बोल्ट आधी हाताने आवळायचे, मग चावीने पाव-पाव वेढा, तोही समोरासमोरचे बोल्ट घेत, म्हणजे ताण सगळीकडे सारखा बसतो. ज्या बाजूला ठोका बसतो तिथलं हेड, म्हणजे ड्रमचा पडदा, सुरकुत्या जेमतेम जातील इतकंच ताणायचं, पुढचं थोडं जास्त. तसं केलं, तरी टण्ण. अजून ढिलं केलं तर फड्‌फड्‌. ताण कमी केला की स्वर उतरतो, पण लहान हेडला उतरायला जागाच थोडी. एका हद्दीखाली ते बोलायचं सोडून नुसतं हलतं. जॅझवाले हे जाणून असतात. ते १८ इंची मुद्दाम चढा लावतात आणि खुशाल गुंजू देतात. मला मात्र १८ इंचांतूनच २२ हवे होते.

त्यात पायडलचा गोळा मधोमध न बसता वरच्या कडेला आपटायचा. ड्रम लहान, म्हणून त्याचं मधलं ठिकाणही खाली. तो उचलायला एक ठोकळा लागतो, तो मी घरी विसरलो होतो. मग खाली छपराचं कवेलू ठेवलं. पहिल्या गाण्यातच कवेलू फुटलं आणि ड्रम माझ्यापासून दूर सरकू लागला. मी खुर्चीसकट त्याच्या मागे.

"पुढं पुढं जात वाजवतेत!" साळा शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत होता.

१९०९ मध्ये अमेरिकेत लुडविग नावाच्या माणसाने चांगलं चालणारं पायडल काढलं, म्हणून एकाच माणसाला सगळे ढोल वाजवता येऊ लागले. आपल्या लग्नाच्या बँडात अजून मोठ्या ढोलाला वेगळा माणूस असतो. ढोल पळाला तर तो निदान त्याच्याबरोबर चालू शकतो.

शेवटी ओसरीवर बसलेले एक आजोबा उठले. झाडीपट्टीच्या नाटकांत, दिवाळी ते होळी रात्ररात्र जागून त्यांनी ढोलकी वाजवलेली. नात्यातले नव्हते, त्यामुळे बोलायला मोकळे.

"काहून जी, याच्या पोटात काई हाये का नाई?"

"नाही. पोकळ आहे."

"मंग रिकाम्या पोटी कसा बोलन? ढोलकीच्या धुमाले आतून मसाला असते, तवा ते घुमते."

मी उशी कोंबली. आवाजच गेला. आजोबांनी उशी काढायला लावली. हलक्या धानाची मळणी नुकतीच झाली होती. त्यांनी ढिगातून मूठभर तणस उचललं आणि पुढच्या हेडला माइकसाठी पाडलेल्या भोकातून आत सारलं. मग आणखी मूठभर. दोन्ही हेडना हलकेच टेकेल इतकंच.

धुम्‌!

मामाजींनी या वेळी "मस्त" म्हटलं नाही. नुसतं वळून पाहिलं. त्यावरून कळलं की खरंच मस्त होता.

मंडईच्या संध्याकाळी दोन गाणी धुम्‌ धुम्‌ गेली. पोरं नाचली. तिसऱ्यात आवाज हळूहळू चढू लागला. मी पाय जोरात मारला, तर आणखी चढला. धुम्‌चा डुम्‌, डुम्‌चा डण्‌. हेड सैल पडलं तर स्वर उतरायला हवा. हा चढतो कसा, हे कोडं मी ताल न सोडता सोडवत होतो. समोरचं पब्लिक हसून लोळत होतं. मला वाटलं, माझ्या हावभावांना दाद आहे. मी मानही जोरात हलवू लागलो.

पुढून ड्रम मला दिसत नव्हता. पब्लिकला दिसत होता. त्यांना भोकात तोंड घालून तणस ओढणारी बकरीही दिसत होती. नव्या तणसात दाणे राहिलेले, ती कशाला सोडते?

टण्ण!

मामाजी धावत आले, बकरीला गळ्याशी धरलं आणि मोठ्या आदराने म्हणाले, "वाजवा जी जवाईबापू, तुम्ही वाजवा. मस्त चालू हाये."

आजोबा मात्र बकरीकडे पाहत होते. "तुमी चावी ठेवा," ते मला म्हणाले. "पुढच्या साली हिलेच बसवू. बरोब्बर किती काढाचं ते हिले समजते."