खोटा न्यूट्रल

जुनी बुलेट बाळगणाऱ्याला गाडी चालवण्यापेक्षा गाडीविषयी बोलणे जास्त आवडते. मी तर बोलता यावे म्हणूनच ती बाळगतो, असे घरच्यांचे ठाम मत आहे. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, टाचेने पहिला, पंजाने पुढचे तीन. हे सांगण्यासाठी मला कोणी विचारावेच लागते असे नाही. या उलट्या मांडणीचा व्यवहारात फायदाही आहे. गाडी मागायला आलेला मेव्हणा फाटकापर्यंत जातो, ब्रेक समजून गिअर दाबतो आणि किल्ली मुकाट्याने परत आणून देतो. गिअर डावीकडेच हवा, असा नियम अमेरिकेने सत्तरच्या दशकात केला आणि बहुतेक जगाने ऐकला. आमच्या मद्रासच्या कारखान्याने पुढे कित्येक वर्षे ऐकला नाही. हा बाणा मला उगीचच स्वतःचा वाटतो.

तो बाणा बोथ्याच्या घाटात ढिला पडू लागला. बुलढाण्याहून खामगावकडे उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकावा, पायाखाली ‘खट्’ व्हावे आणि लागू काहीच नये. इंजिन बोंबलते, गाडी उताराच्या मर्जीने पळते. दोन गिअरांमधल्या या ओसाड जागेला खोटा न्यूट्रल म्हणतात. खरा न्यूट्रल या गाडीत हवा तेव्हा सापडत नाही, म्हणून कंपनीने त्यासाठी वेगळी छोटी दांडी दिली आहे. ती दाबली की दुसरा, तिसरा, चौथा, कुठूनही गाडी थेट न्यूट्रलला येते. खोटा मात्र न मागता मिळतो, आणि नेमकी मागे एसटी असताना मिळतो. मी अजिबात घाबरत नाही. गाडी कडेला घेतो, उतरतो आणि ज्ञानगंगा अभयारण्याचे निसर्गसौंदर्य न्याहाळू लागतो.

हे न्याहाळणे अगदीच ढोंग नव्हे. याच जंगलात २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा वाघ येऊन पोहोचला. यवतमाळ जिल्ह्यातून जूनमध्ये निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर. तेलंगणातून वळसा घेऊन, कपाशीची शेते, नाले, हमरस्ते ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर. पेट्रोल नाही, गिअर नाही, वाटेत कुठे सेटिंग करून घेतल्याची नोंद नाही. कौतुकाने त्याला वॉकर म्हणू लागले. तरणा नर, स्वतःची हद्द आणि जोडीदारीण शोधत निघाला असावा, असे तज्ज्ञ म्हणाले. आता गंमत बघा. एवढी तंगडतोड करून गडी पोहोचला कुठे, तर जिथे दुसरा वाघच नाही अशा जंगलात! बदली होऊन बुलढाण्याला आलेल्या अनेक अधिकाऱ्यांनी हेच दुःख मला चहावर ऐकवले आहे. वाघाने बदलीसाठी अर्ज तरी केला नाही. काही महिने मुकाट राहिला. घाटात बंद गाडीशेजारी उभा असताना मला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटते. त्याला माझ्याविषयी काय वाटले असते, हे न विचारलेले बरे.

माझा मिस्त्री खामगावचा. गाडीला काहीतरी भारदस्त दुखणे असेल, भाग थेट इंग्लंडहून मागवावा लागेल आणि त्याची हकीकत मला वर्षभर पुरेल, अशी माझी आशा होती. मिस्त्रीने बाहेरचे कव्हर काढले, चिंधीने आत पुसले आणि म्हणाला, “पेटी खोलाचं काम नाई.” दोन नटांवर बसलेली एक पट्टी सरकली होती. पाय किती जाऊ द्यायचा, हे ती ठरवते. ती हलली की एका बाजूला गिअर जास्त ढकलला जातो, दुसऱ्या बाजूला अर्धवट राहतो. नट सैल करायचे, पट्टी केसभर सरकवायची, पुन्हा आवळायचे. म्हणजे माझ्या ऐतिहासिक वाहनाचा ऐतिहासिक रोग केसभर निघाला.

केस मोजण्याची त्याची रीत मात्र वेगळी. गाडी स्टँडवर, मी वर बसलेलो, पोऱ्या मागचे चाक हाताने फिरवतोय. “पाय ठेवा सायेब, गेर टाका.” मी टाकायचा, तो गिअरबॉक्सवर तळवा टेकवून डोळे मिटायचा. पुन्हा नट सैल, पुन्हा तळवा. मी सवयीप्रमाणे बोलत होतोच. न राहवून पोऱ्या म्हणाला, “त्याईले आयकू येत नाई. दोन-तीन वर्स झाले.”

म्हणजे माझी इतक्या दिवसांची व्याख्याने! प्रत्येक वेळी तो मान हलवायचा, त्यावर मी खूश होतो. या धंद्यात हातोडा आणि इंजिनाच्या आवाजाने कान जातात, हे सगळ्यांना ठाऊक असते. कानात घालायला कापसाचा बोळा कोणी देत नाही, आणि तोही कापसाच्या मुलखात. आणि आम्ही मालक मंडळी? आवाज आणखी मोठा यावा म्हणून सायलेन्सर बदलून घेतो, वर त्याच्याकडूनच बसवून घेतो, आणि चालू इंजिनाजवळ त्याचे डोके नेऊन विचारतो, “कसा वाटतो आवाज?” मला त्या पोऱ्याच्या कानांचा विचार येऊन चीड आली. तो नुकताच कुठे शिकतोय.

गिअर बसला. चारही, चढते-उतरते, लोण्यासारखे. मिस्त्रीने हात पुसले, गाडीला एक फेरी मारली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारले, “कोन्त्या सालची हाय हो हे गाडी?”

मी इकडेतिकडे पाहिले. बाकावर दोन गिऱ्हाइके बसली होती, पोऱ्या होता, शेजारचा पंक्चरवालाही मोकळाच होता. मिस्त्रीच्या कानाशी वाकलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, “त्याचं असं आहे, १९३२ साली इंग्लंडातल्या रेडिचला...”