बर्फवाले पप्पा

धाराशिवला बर्फ म्हटलं की भुश्यात गुंडाळलेली लादी, रसवंतीचं घुंगरू आणि लग्नातलं मठ्ठ्याचं पिंप, एवढंच आठवतं. उन्हाळ्यात पारा ४२ च्या आसपास रेंगाळतो. अशा गावात एका गृहस्थांनी आपल्या सहावीतल्या मुलीला आइस डान्सर करायचं ठरवलं आहे. गाव त्यांना बर्फवाले पप्पा म्हणतं, आणि ते हाकेला ओ देतात.

असे पप्पा आता गावोगाव निघाले आहेत. कुणी नेमबाजीचे, कुणी बुद्धिबळाचे, कुणी जलतरणाचे, तेही टँकरने पाणी येणाऱ्या गावात. खेळतं लेकरू, करिअर पप्पांचं घडत असतं. आमचे पप्पा त्यातले अंमळ पुढचे, कारण त्यांनी निवडलेला खेळ ज्यावर खेळतात ती वस्तूच जिल्ह्यात टिकत नाही.

पप्पा एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतात. संध्याकाळी पाच वाजून गेले, वाहनतळ मोकळा झाला, की त्या फरशीवर लेकीचा सराव सुरू होतो. पायात चाकांचे स्केट्स, गुडघ्याला पॅड. पप्पांच्या खिशात चाकं आवळायचा पाना, हातात मोबाइल. येणाऱ्या-जाणाऱ्याने नुसतं थबकावं, की ते सांगतात, "चाकं ही तात्पुरती सोय आहे बरं का. आपलं खरं काम बर्फावर."

मग पाठ सुरू. आइस डान्स म्हणजे उड्यांचं स्केटिंग नव्हे. पेअर स्केटिंगमध्ये मुलीला डोक्यावर उचलून धरतात, हवेत फेकतात. इथे ते चालत नाही. इथे एकमेकांना धरून, तालावर, पात्याच्या नेमक्या कडेवर पाय टाकायचा. पात्याला आतली कड असते, बाहेरची कड असते, आणि चुकीच्या कडेवर गेलात तर पंच गुण कापतात. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार १९७६ साली इन्सब्रुकला आला. "एकदम घरंदाज खेळ," असा पप्पांचा निकाल. समोरचा पानाची पिचकारी टाकायला कधीचा जागा शोधत असतो.

या वेडाचं मूळ एका व्हिडिओत आहे. २००९-१० च्या मोसमात मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने लोकनृत्याच्या फेरीसाठी चक्क हिंदी सिनेमातली गाणी घेतली. 'कजरा रे', 'डोला रे'. हाताच्या मुद्रा, मानेचे झटके, सगळं आपलं. व्हँकुव्हर ऑलिंपिकला त्यांना रौप्य मिळालं आणि चार वर्षांनी सोचीला सुवर्ण. पप्पांनी तो नाच मोबाइलवर पाहिला आणि जेवण टाकून उठले. "गाणं आपलं, ठुमका आपला, अन् पदक त्यांचं? आपल्याकडे तर गोंधळ आहे!"

त्यांनी लगेच तुळजापूर गाठलं. एका जाणत्या गोंधळ्याला गाठून सांगितलं, की संबळ-तुणतुण्यावर अस्सल गोंधळ ध्वनिमुद्रित करायचा, पण बरोबर चार मिनिटांचा. फ्री डान्सच्या फेरीला तेवढाच वेळ असतो. फार तर दहा सेकंद इकडे-तिकडे. गोंधळी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. "साहेब, आमचा गोंधळ रातभर चालतो. देवांना नुसतं आवतन द्यायलाच चार मिनिटं पुरत नाहीत. कुठला देव गाळू, ते तुम्हीच सांगा."

भवानीच्या पायाशी उभं राहून देव गाळायची हिंमत पप्पांना झाली नाही. पण हार मानतील तर ते पप्पा कसले! त्यांनी जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन शोधून काढले. १९८४, साराजेव्हो ऑलिंपिक. या ब्रिटिश जोडीला 'बोलेरो'वर नाचायचं होतं, पण ते संगीत कितीही कापलं तरी नियमापेक्षा लांबच राहत होतं. त्या वेळी घड्याळ सुरू व्हायचं ते पातं बर्फाला लागल्यावर. म्हणून दोघं सुरुवातीचे अठरा सेकंद गुडघ्यावर बसून नुसतेच डोलले, आणि मग उठून सुवर्ण घेऊन गेले. पप्पा हर्षभरित झाले. गोंधळाचं आवतनही असंच गुडघ्यावर बसून उरकायचं! पुन्हा हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, की अठरा सेकंदांत दोनच देव बसतात. ते दोन कोणते, यावर घरात अजून एकमत नाही.

टॉर्व्हिल-डीनच्या कथेतला पप्पांचा आवडता भाग मात्र वेगळाच. डीन मुळात नॉटिंगहॅमचा पोलीस शिपाई, टॉर्व्हिल विमा कंपनीत कारकून. सरावासाठी दोघांनी नोकरी सोडली आणि तिथल्या नगरपरिषदेने त्यांना पैसे दिले. आमच्याकडची पोरं पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावतात ती पोलीस भरतीसाठी. भरती झालेला माणूस नाचण्यासाठी नोकरी सोडतो, हे ऐकून पप्पांच्या सासऱ्यांनी जे तोंड केलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. नगरपालिकेच्या लोकांना पप्पा भेटल्या ठिकाणी नॉटिंगहॅमचा दाखला देतात. ते लोक हल्ली रस्ता बदलतात.

खरी पंचाईत जोडीदाराची. आइस डान्स एकट्याने होत नाही, मुलगा लागतो. जगभर हीच रड आहे. मुली ढिगाने, मुलगे मोजके. पप्पांनी शोध सुरू केला तो एका मंगल कार्यालयात, पंगतीत.

"एखादा मुलगा आहे का नजरेत? सडपातळ पाहिजे. आमच्या पोरीपेक्षा वीतभर उंच. तोल सांभाळणारा. पुढची दहा-पंधरा वर्षं साथ सोडायची नाही, ही अट."

शेजारच्याने भात कालवता कालवता विचारलं, "शेती किती असावी?"

"शेती नको, गुडघे चांगले पाहिजेत."

संध्याकाळपर्यंत पप्पांच्या मोबाइलवर बायोडेटा येऊ लागले. एक मुलगा तलाठी होता. एकाची आई म्हणाली, गुडघे उत्तम आहेत, पण आम्हाला पत्रिका बघावी लागेल. एका म्हाताऱ्याने बालविवाहाच्या कायद्याची आठवण करून दिली आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घरी बायकोने भांडी आपटली. तिला शांत करायला पप्पांनी कॅनडाची टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर काढले. १९९७ साली ती सात वर्षांची, तो नऊचा. मॉयरच्या आत्याने-मावशीने कुणीतरी दोघांची जोडी जुळवली. दोनदा ऑलिंपिक सुवर्ण, २०१० आणि २०१८. "आणि लग्नं वेगवेगळ्या माणसांशी झाली त्यांची. बघ!" बायको म्हणाली, "म्हणजे एवढं करून लग्न पण नाहीच जमलं?"

एकदा पप्पा मुलीला खराखुरा बर्फ दाखवून आले. सोलापूरला जाऊन दिल्लीची गाडी, तिथून गुरुग्रामचा मॉल. पोरगी मोजे ओढत आत गेली, दोनदा आपटली आणि मग सरळ चालायला लागली. पप्पाही उत्साहात उतरले आणि पूर्ण वेळ कठड्याला मिठी मारून राहिले. शेवटी पोरीनेच त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं. परतताना त्यांनी विचारलं, "कसं वाटलं बर्फावर?" ती म्हणाली, "पप्पा, लई गार लागतंय."

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला तिनेच सांगितलं.

गावाचा सल्ला एकच: खो-खोत घाला. धाराशिव म्हणजे खो-खो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथल्या सारिका काळेने भारताचं कर्णधारपद सांभाळलं, २०२० साली अर्जुन पुरस्कार घेतला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघात इथली अश्विनी शिंदे होती. या पोरींना बर्फ लागला नाही. माती लागली, दोन खांब लागले, आणि पाठीवर थाप मारून उठवणारा गुरू लागला. पप्पा मान हलवतात. "खो-खोत सगळेच आहेत हो. आइस डान्समध्ये मराठवाड्यातून आपण पहिले." शेवटच्या जागेचीही शाश्वती नसलेल्या माणसाला पहिलेपणाचं फार.

परवा शाळेच्या मैदानावर पोरगी खो-खो खेळताना सापडली. बहुधा बरेच दिवस खेळत होती. खांबाला वळसा घालताना एका पायाच्या कडेवर अशी कलते, की पाठलाग करणारी सरळ निघून जाते. सर खूश. पप्पा कुंपणापाशी पोचले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून सरांनी खुलासा सुरू केला, की अभ्यास बुडणार नाही, दहावीला खेळाचे गुण मिळतील, वगैरे.

पप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पलीकडे सराव करणाऱ्या मुलांकडे डोळे बारीक करून बघत होते.

"सर, तो निळ्या बनियनचा पोरगा. वजन किती असेल हो त्याचं?"

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "साहेब, मंगल कार्यालयातले तुम्हीच का?"