बेसमेंटमधले जनरल मॅनेजर

मुकी बेट्सला सोडू नका, हे मी फेब्रुवारी 2020 मध्येच सांगितलं होतं. ऐकायला चौघंच होते आणि त्यांतले दोघं मिसळीवर फरसाण घालण्यात गुंतले होते, पण सांगितलं होतं. ते बोस्टन रेड सॉक्सच्या मालकांपर्यंत पोचलं नाही, याला माझा इलाज नाही. त्यांनी बेट्सला, वर डेव्हिड प्राइस नावाचा महागडा पिचर जोडून, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे धाडलं आणि बदल्यात तीन पोरं घेतली. जुलैत डॉजर्सनी बेट्सशी बारा वर्षांचा, साडेछत्तीस कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी ते जगज्जेते झाले. मग 2024 ला झाले, 2025 ला पुन्हा झाले. दर वेळी मी बायकोला विचारतो, "मी काय म्हटलं होतं?" आणि दर वेळी ती म्हणते, "दुधाकडे बघतो म्हणाला होतात."

बोस्टनच्या पश्चिमेला, वुस्टरच्या वाटेवर, जी मराठी वस्ती आहे तिच्यातल्या कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये शनिवारी रात्री आम्ही हा संघ चालवतो. बेसबॉलचे नियम इथे सांगत नाही. वादाला ते लागत नाहीत. आमच्यातल्या एका ॲक्चुअरीला प्रत्येक खेळाडूचे आकडे पाठ आहेत. मात्र सामना लागला की तो जेवायला घेतो. न्यू जर्सीहून आलेला एक जण यांकीजचा, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांचा, भक्त आहे. तो काही बोलत नाही, नुसता हसतो, आणि ते फार लागतं. हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे 'ॲटिट्यूड' हे खातं आहे. "पोराचे खांदे बघा," ते टीव्हीकडे बोट करून म्हणतात, "मन नाहीये त्याचं इथे." हजारो मैलांवरून छातीचं निदान करणारा हा माणूस दवाखान्यात चार चाचण्या केल्याशिवाय सर्दीसुद्धा जाहीर करत नाही.

मॅनेजमेंट हा माझा प्रांत. ऑफिसात माझ्या हाताखाली एक माणूस होता, तोही मागच्या वर्षी दुसऱ्या टीममध्ये गेला. पण अधिकार अनुभवाने येत नाही, तळमळीने येतो.

ॲटिट्यूडवरून इथे खडाजंगी होते ती मॅनी रामिरेझपासून. 2004 च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस एकदा सामना चालू असताना, पिचरशी चर्चा चालली आहे एवढा वेळ बघून, डाव्या बाजूच्या उंच हिरव्या भिंतीतल्या दारातून आत गेला. खेळ सुरू व्हायची वेळ आली तरी महाशय आतच. 31 जुलै 2008 ला त्याचाही ट्रेड झाला, तोही डॉजर्सकडेच. डॉक्टरांच्या मते तो बेजबाबदार होता. माझ्या मते कामाच्या जागी ज्याला दोन मिनिटं आत जाऊन बसावंसं वाटलं नाही, असा माणूस मला दाखवा.

पण राफाएल डेव्हर्सच्या बाबतीत मी मॅनेजमेंटच्या बाजूने ठाम उभा राहिलो. दहा वर्षांचा एकतीस कोटींवरचा करार घेतलेला हा माणूस. 2025 च्या हंगामाआधी संघाने ॲलेक्स ब्रेगमनला आणलं आणि डेव्हर्सला सांगितलं, तिसरा बेस सोड, तू आता फक्त बॅटिंग कर. तो म्हणाला, तिसरा बेस माझा आहे. कुरकुरत का होईना, सोडला. मेमध्ये पहिल्या बेसवरच्या ट्रिस्टन कॅसासचा गुडघा गेला, तेव्हा याला म्हणाले, मग आता पहिल्या बेसवर उभा राहा. यावर तो म्हणाला, हे मी करणार नाही. त्यांनी त्यांचं काम करावं आणि दुसरा माणूस शोधावा. संघाचे मालक जॉन हेन्री विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. मला फार राग आला. "संघापेक्षा माणूस मोठा नाही!" असं मी बेसमेंटमध्ये इतक्या जोरात म्हणालो, की वरून बायकांचं बोलणं थांबलं.

त्या शांततेत जिन्यावरून बायकोचा आवाज आला, "अहो, कूपनचं सांगा ना त्यांना."

माझी गोष्ट पूर्णपणे वेगळी होती, ती स्पष्ट करतो. आमच्याकडच्या एका मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी कित्येक वर्षं करत आलो. नव्या कमिटीने एका तरुण मुलीला आणलं आणि मला म्हणाले, काका, तुम्ही यंदा जेवणाच्या कूपनच्या टेबलावर बसा. तुमचा लोकसंपर्क चांगला आहे. निळे कूपन मोठ्यांचे, पिवळे मुलांचे, सुट्टे पैसे बिस्किटांच्या डब्यात. मी नम्रपणे सांगितलं, की माझी जागा माइकवर आहे. कमिटीने कमिटीचं काम करावं आणि दुसरा माणूस शोधावा. यात आणि डेव्हर्समध्ये काय फरक आहे, असं ॲक्चुअरीने विचारलं. पहिला फरक एकतीस कोटी डॉलरचा. दुसरा असा, की मला भेटायला विमानाने कुणीही आलं नाही.

15 जून 2025 ला, यांकीजना तिन्ही सामन्यांत लोळवल्याच्या संध्याकाळी, रेड सॉक्सनी डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवून दिलं. आठवडा उलटायच्या आत त्याने आमच्याच संघाविरुद्ध होम रन ठोकला. आणि जुलैत तिकडे तो, काही न बोलता, पहिल्या बेसवर उभा राहिला.

आता मला हॅरी फ्रेझीबद्दल बोलायचंय. बेसमेंटमध्ये मी हे नाव काढलं की मंडळी प्लेटा घेऊन वर जातात, म्हणून इथे बोलतो. फ्रेझी म्हणजे बोस्टनचा सूर्याजी पिसाळ. 1916 मध्ये त्याने रेड सॉक्स विकत घेतले, 1918 ला संघ जगज्जेता झाला, आणि 1919 संपता संपता त्याने बेब रूथ यांकीजना एक लाख डॉलरला विकला. वर यांकीजच्या मालकाकडून तीन लाखांचं कर्ज घेतलं, आणि तारण काय, तर खुद्द आमचं मैदान, फेनवे पार्क. त्यानंतर बोस्टनला पुढचं विजेतेपद मिळालं ते 2004 मध्ये. बापांनी मुलांना, मुलांनी नातवांना फ्रेझीचा द्वेष वारशात दिला. का विकला रूथला? तर म्हणे, नाटकासाठी! फ्रेझी मूळचा नाटकवाला, ब्रॉडवेवर नाटकं काढणारा. 'नो, नो, नॅनेट' हे संगीत नाटक त्याने रूथच्या पैशावर काढलं, अशी आख्यायिका आहे. ते ब्रॉडवेवर आलं 1925 ला. पण ज्याच्यावरून ते बेतलं, ते बिनगाण्याचं नाटक त्याने 1919 च्या डिसेंबरातच लावलं होतं. म्हणजे आरोप अगदीच हवेतला नाही.

आता मी पडलो सांगलीचा. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे राजाश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं, तिथला. नाटकासाठी एका माणसाने एक गडी विकला, यात गुन्हा काय घडला हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्याकडे नाटकापायी लोकांनी बायकोच्या पाटल्या विकल्या, घरं गहाण टाकली. खेळाडू हाताशी असता तर तोही विकला असता आणि लोकांनी उदार मनाचा मालक म्हणून त्याचा सत्कार केला असता. आणि रूथ तरी काय साधा होता? तीन वर्षांच्या कराराची दोन वर्षं बाकी असताना दहा हजारांचे वीस हजार मागत होता, आणि 1919 च्या हंगामातला शेवटचा सामना न खेळताच निघून गेला. असला नट कंपनीत असला, की बिऱ्हाडाच्या स्वयंपाक्यालासुद्धा त्याची मर्जी सांभाळावी लागते.

ट्रेडच्या वादात तर आपला हात कुणी धरू नये. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. एका फटक्यात तीन मोहरे! त्या दिवसांत माड्यांवर आणि कट्ट्यांवर काय रणं पेटली असतील. चूक नटांची की व्यवस्थापनाची, पैसा की मानापमान, आता किर्लोस्करांचं कसं व्हायचं. आणि 1921 मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे हे दोन सम्राट, टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच 'मानापमाना'त उभे राहिले. अमेरिकेत निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना सुरू झाला 1933 ला. आपण बारा वर्षं आधी! हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं तेव्हा ॲक्चुअरीने विचारलं, "होम रन किती पडले?" अशा लोकांबरोबर मला संघ चालवावा लागतो.

फ्रेझीवर मी रागावत नाही त्याला आणखी एक कारण आहे. त्याची निदान ओढाताण चालली होती. बेट्सला सोडणाऱ्यांकडे त्या वेळी लिव्हरपूलचा फुटबॉल संघ होता आणि जॉन हेन्रींकडे 'बोस्टन ग्लोब' हे वर्तमानपत्रही. पगारपत्रक ठराविक रकमेच्या वर गेलं की लीग जो दंडवजा कर लावते, तो टाळायचा होता म्हणे. मग आम्हाला 'लवचीकता', 'दीर्घकालीन विचार' असले शब्द ऐकवण्यात आले. नाटक काढायचंय म्हणाले असते तर मी एक शब्द बोललो नसतो.

मुंबईतल्या माझ्या मेहुण्याला माझं हे सगळं पोरकट वाटायचं. नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबई इंडियन्सनी गुजरातकडून हार्दिक पांड्याला ट्रेडमध्ये आणलं आणि पुढच्या महिन्यात रोहित शर्माचं कर्णधारपद त्याला दिलं. रात्रीचे किती वाजलेत हे न बघता मेहुण्याचा फोन आला, "भावोजी, हे असं करता येतं?" त्याला ट्रेड समजावून सांगताना मला जो आनंद झाला, तो त्याच्या बहिणीने मला होकार दिला तेव्हाही झाला नव्हता.

डेव्हर्स गेल्यानंतरच्या रविवारी सांगलीला अप्पांना फोन केला. अप्पा एसटीत होते, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. मी तावातावाने सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात. बेसबॉल कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. मग म्हणाले,

"म्हणजे बदली झाली."

"तसंच म्हणा."

"त्याला विचारलं होतं का, जातोस का म्हणून?"

"विचारत नाहीत, अप्पा. दहा वर्षं नोकरी आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात, असं असेल तरच नाही म्हणता येतं. याची आठवीच चालू होती."

"सीनियॉरिटी भरली नाही तर," अप्पा म्हणाले. "आणि पोरंबाळं?"

हे मला माहीत नव्हतं. त्याचा बॅटिंगचा आकडा मला हजारांशापर्यंत माहीत होता.

मी दहावीत होतो तेव्हा अप्पांची बदली उदगीरला झाली. माझं वर्ष महत्त्वाचं म्हणून आम्ही सांगलीतच राहिलो आणि अप्पा एक वळकटी, एक स्टोव्ह घेऊन गेले. डेपोच्या विश्रांतिगृहात ड्रायव्हर-कंडक्टरांच्या मधे झोपायचे. सुट्टीवर आले की रात्रीच्या गाडीने पहाटे उतरायचे, तोंड धुवायच्या आधी माझ्या वह्या बघायचे. हुकूम रद्द करून घ्यायला कुणाकडे गेले नाहीत. आईने एकदा, साहेबांना सांगून बघा ना, असं म्हटल्यावर चिडले होते, तेवढंच आठवतं. ते घरापासून लांब का असतात, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही. पुढे मी स्वतःहून, कुणी हुकूम न काढता, चांगल्या करारावर इकडे आलो, तेव्हा त्यांनीही मला काही विचारलं नाही. आमच्या बेसमेंटमध्ये निष्ठेवर व्याख्यान देणारा प्रत्येक जण असाच आलेला आहे, आणि 'पैशासाठी गेला' हे वाक्य तिथे इतक्या सहजपणे म्हटलं जातं, की कुणाच्या घशात फरसाणसुद्धा अडकत नाही.

अप्पांनी मग विचारलं, "तिकडे तरी नीट ठेवलंय ना त्याला?"

"ठेवलंय. पहिल्या बेसवर उभं करणार म्हणतात."

"करेल," ते म्हणाले. "नव्या डेपोत माणूस पडेल ते काम करतो. जुन्या ठिकाणी जड जातं."

हा मुद्दा मी पुढच्या शनिवारी, अर्थातच माझा म्हणून, मांडला. डॉक्टर म्हणाले, हे मात्र तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी समजून बोललात. 2025 ला डेव्हर्सशिवाय रेड सॉक्स प्लेऑफमध्ये गेले आणि तिथे यांकीजकडून हरले, त्यामुळे ट्रेड बरोबर होता की चूक हे दोन्ही बाजूंना आपापल्या परीने सिद्ध करता आलं. न्यू जर्सीवाला हसत होता.

ता. क. मंडळाच्या कमिटीला यंदाही दिवाळीला कूपनच्या टेबलावर माणूस हवा आहे. काम सोपं आहे, जेवण फुकट आहे. इच्छुकांनी थेट कमिटीशी बोलावं. मला फोन करू नये.