काका म्हणाले, "बघू"

ओळखीनं नोकरी लागली, तर आजोबांच्या काळी त्याला वशिला म्हणत आणि तो लपवत. आता त्याला रेफरल म्हणतात, आणि लावणाऱ्याला कंपनी वर बोनस देते.

गिरणगावात तर जाहिरातीची भानगडच नव्हती. कोकणातून यायचं, गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकायची आणि त्याच्याच ओळखीनं जॉबरपुढे, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमापुढे, उभं राहायचं. जॉबरचे हात ओले करावे लागत, एवढंच. त्याची ही सद्दी मोडायला मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली बदली, म्हणजे गैरहजरांच्या जागी घ्यायच्या, कामगारांची नोंद सुरू केली. म्हणजे ओळखीला कागद जोडला.

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावत म्हणाले, "बायोडेटा पाठवून ठेव. बघू." या 'बघू'चा अर्थ ज्याला कळत नाही, तो मराठी नव्हे. माझी पहिली नोकरी मला सांगितली ती आठ-बाराच्या लोकलमधल्या एकानं. त्याचं आडनाव मला आजही ठाऊक नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांना गाठून नेमकं हेच १९७३ साली मांडलं: नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जिवलगांना ठाऊक काय, तर आपल्याला असतं तेवढंच!

तेव्हा पुढच्या लग्नात काकांना लांबूनच नमस्कार करा आणि फोटोग्राफरच्या शेजारी जेवायला बसा. तो हंगामात आठवड्याला तीन-चार कार्यं बघतो.