हरकत नोंदवली

"आम्ही मुलीला घरीच शिकवतो," असं कोथरूडात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी मुलीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि दोघींपैकी आजारी नक्की कोण याचा अंदाज घेतो. मग प्रश्न येतो, "दहावीचं काय?" मुलगी नऊ वर्षांची आहे. मी घडाघडा म्हणून दाखवते : सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, तिथे वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावी देता येते. "सतरा नंबर म्हणजे नापासांचा ना?" एवढं विचारून माणूस तिसऱ्या मजल्यावर उतरतो आणि मी लिफ्टच्या आरशात स्वतःची हजेरी घेत पाचव्यावर पोचते.

परके निदान मजला आला की उतरतात. नातेवाइकांचं तसं नसतं. सासूबाईंसमोर मी एकदा पंडिता रमाबाईंचा दाखला दिला. लक्ष्मीबाईंनी लेकीला तीर्थयात्रेच्या वाटेवर संस्कृत शिकवलं, ती कुठल्याही शाळेत गेली नाही, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हणून गौरवलं. सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं. "त्या यात्रेला निघाल्या होत्या. तू कुठे निघालीस? पलीकडच्या गल्लीत दोन शाळा आहेत."

मग नवऱ्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुंबईच्या मालविका जोशीची बातमी टाकली. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना, संगणक ऑलिंपियाडच्या पदकांवर २०१६ साली तिला एमआयटीत प्रवेश मिळाला. ग्रुपवर बराच वेळ शांतता. मग नणंदेचा संदेश आला : "एमआयटी म्हणजे पौड रोडचीच ना? आमच्या शेजारचा पण तिथेच आहे. बस थेट जाते." त्याखाली एकवीस अंगठे.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की ज्या शाळेला कंटाळून मुलगी बाहेर आली, तिच्याहून कडक शाळा मी दिवाणखान्यात उघडली. तासिका, वेळापत्रक, मधली सुट्टी. रविवारीसुद्धा वर्ग, कारण कुणी अचानक विचारलं तर आपण मागे पडलेलो दिसता कामा नये. एकदा नवरा वर्ग चालू असताना पाणी प्यायला आला आणि दारात उभा राहून करंगळी वर करता झाला. मी त्याला परवानगी दिली. तो चेष्टा करत होता हे मला संध्याकाळी कळलं.

अशात मामा आले, म्हणजे माझे मामेसासरे. भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. उभा जन्म दुसऱ्यांचे बांध मोजण्यात गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं म्हणून आमच्याकडे मुक्काम. ऑपरेशननंतर डोळ्यांवर काळा चष्मा, टीव्ही बंद, वाचायला मनाई. त्यामुळे दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून माझे सगळे तास त्यांनी सक्तीने ऐकले. माझ्या शाळेची इतकी सविस्तर तपासणी कुठल्या अधिकाऱ्याने केली नसती.

अपूर्णांक चालले होते. मी पोळीचे चार भाग करून शिकवत होते, आणि लेकीने अंश खाऊन टाकल्यामुळे ताटात नुसता छेद उरला होता. खुर्चीतून आवाज आला, "सूनबाई, कपडे वाळत घालायची दोरी आहे का जास्तीची?"

मामांनी तेहतीस फूट दोरी मोजून घेतली. जुनी मोजणीची साखळी एवढीच असायची. तिचे सोळा आणे, एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. लेकीने आधी प्रत्येक आण्याला गाठ मारली, आणि सोळावी गाठ येईपर्यंत दोरी आखूड झाली. मामा काही बोलले नाहीत. तिनेच दोरी परत ताणून पाहिली, सगळ्या गाठी सोडवल्या आणि माझ्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा आणून खुणा बांधल्या. मग दोघं पार्किंगमध्ये उतरली. काळा चष्मा लावलेला म्हातारा खांबाला टेकून हुकूम सोडतोय आणि एक पोरगी स्कूटरींखालून दोरी ओढत सरपटतेय, हे पाहून पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वॉचमनला खाली पिटाळलं.

लांबी दोन साखळ्या, रुंदी दीड. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. आणि दोन दीडं तीन. "आई, आपलं पार्किंग तीन गुंठे आहे!" ती जिन्यातूनच ओरडत आली. दीड म्हणजे किती हे मी तिला आठवडाभर समजावत होते. आता तीच मला समजावू लागली की चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, तेव्हा आपल्याला अजून सदतीस लागतील. कशासाठी लागतील ते मी विचारलं नाही.

त्या रात्री मामा दूध पिता पिता म्हणाले, "पोर मला पेपर वाचून दाखवते ना, मध्येच थांबते. आधी वाटलं, अडखळते. तसं नाही. पटलं नाही की थांबते. आज गाठी सोडल्या, त्याही कुणी सांगायच्या आत. ही सवय तुझी आहे. तू शिकवताना 'बघ बरं, जमतंय का' म्हणतेस आणि गप्प बसतेस. ते गप्प बसणं मी ऐकलं. आमच्या हाताखाली आलेल्या पदवीधरांना ते जमलं नव्हतं."

'छान चाललंय हं' असं पूर्वीही एकदोघी म्हणाल्या होत्या. पण ते दारात, चप्पल घालताना. मी काय करते ते ऐकून, त्यातली नेमकी गोष्ट कुणी बोट ठेवून दाखवली नव्हती. मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी त्यांना आणखी दूध आणलं.

"आणि लोक बोलतात त्याचं काय करू, मामा?"

"अगं, मोजणी म्हटली की लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावीच लागते. ते येतात, बांधावर उभे राहतात, हरकत घेतात. हरकत कागदावर नोंदवून घ्यायची आणि दोरी पुढे टाकायची. हरकत आली म्हणून घरी गेलो असतो तर एका गटाची मोजणी झाली नसती." मग आवाज खाली आणून, "आमची ताई सगळ्यात जुनी हरकतदार आहे. तिची नोंद आधी घे." ही ताई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आतून म्हणाल्या, "ऐकू येतंय मला!" आणि मामा दूध सांडेपर्यंत हसले.

जाताना त्यांनी रविवारचा वर्ग रद्द केला. सरकारी सुट्टी आहे म्हणाले.

आता लिफ्टमध्ये "दहावीचं काय?" आलं की मी "नोंदवलं" म्हणते. लोक विचारात पडतात, आणि तेवढ्यात मजला येतो.

परवा सोसायटीचे सेक्रेटरी दाराशी आले. बिल्डरच्या नकाशात पार्किंग साडेतीन गुंठ्यांच्या वर दाखवलंय म्हणे, आणि तुमच्या मुलीने वॉचमनला तीन सांगितलं. "सर्वसाधारण सभेत विषय काढायचाय, वहिनी. तिला जरा पाठवाल का, दोरी घेऊन? येत्या रविवारी."

"रविवारी तिला सुट्टी असते," मी म्हटलं. "सोमवारी दहानंतर या. येताना नकाशा आणा."