सोमवारपासून चालायचं ठरवलेल्या यवतमाळकरांसाठी

चालायला सुरुवात नेहमी सोमवारी करावी. मंगळवारी केली तर आठवडा अर्धवट राहतो, आणि अर्धवट आठवड्यातलं चालणं अंगी लागत नाही, असं जाणकार सांगतात. त्यातही सोमवारी एक तारीख आली तर फारच उत्तम. असा योग वर्षातून एकदोनदा येतो, त्यामुळे तयारीला पुरेसा अवधी मिळतो. मुहूर्त काढताना हवामानही पाहावं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. जुलैत काळ्या मातीचा चिखल बुटाला धरतो. थंडीत पहाटेची झोप मोडणं पाप. राहता राहिला ऑक्टोबर, त्यात दसरा-दिवाळी.

बूट मात्र आजच घ्यावेत. बूट घेतल्यावर निम्मा व्यायाम झाल्याचं समाधान मिळतं, आणि उरलेला निम्मा डब्यासकट माळ्यावर ठेवता येतो. सोबत मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ हवं. हे घड्याळ दहा हजार पावलांचा हट्ट धरतं. हा आकडा कुठल्या ऋषीनं सांगितलेला नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. यंत्र मागे पडलं, आकडा जगभर चालत राहिला. जागतिक आरोग्य संघटना मिनिटं मोजते: मोठ्या माणसानं आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे रोजची जेमतेम बावीस मिनिटं. पण बावीस मिनिटं हे फारच जमण्यासारखं वाटतं, म्हणून हा आकडा चारचौघांत सांगू नये. दहा हजारच सांगावेत. ते होत नाहीत हे सगळ्यांनाच पटतं.

एकट्यानं चालू नये. पोस्टल ग्राऊंडवर जायचं तर चौघं तरी हवेत. चालण्याचा वेग असा असावा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडे यातला पहिला भाग सर्वांना तोंडपाठ आहे. कापसाचा भाव, कुणाची बदली, दारव्हा रोडच्या प्लॉटचे दर हे विषय चालता चालता घ्यावेत. मुद्दा महत्त्वाचा असला की थांबून बोलावं. सगळेच मुद्दे महत्त्वाचे असतात. ज्यांना एवढंही झेपत नाही त्यांनी हनुमान आखाडा चौकातून गाडीवरून एक चक्कर मारावी. नावाचाही परिणाम होतोच.

फेरीचा शेवट तर्री-पोह्याच्या गाडीपाशी होईल अशा बेतानं रस्ता आखावा. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी चालला तर साधारण सव्वाशे कॅलरी खर्ची पडतात. एक चांगला भरलेला आलूबोंडा ही सगळी कमाई घेऊन वर थोडं देणं काढतो. तेव्हा एकावर थांबण्यात अर्थ नाही. हिशेब बिघडलाच आहे तर दोन घ्यावेत, आणि तर्री वरून मागून घ्यावी.

आता आदर्शाकडे वळू. चालण्याच्या बाबतीत या जिल्ह्यानं एक जागतिक कीर्तीचा पुरुष दिला आहे आणि त्याचं कौतुक आपण पुरेसं केलेलं नाही. तो टिपेश्वरचा. जन्म अभयारण्यातला, वय तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या आतबाहेर, कागदोपत्री नाव 'सी-१'. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली. आपलं घड्याळ मनगटावर असतं, त्याचं गळ्यात, एवढाच फरक. जूनमध्ये हा वाघ घर सोडून निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. साधारण पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर. पुढची भटकंती धरली तर नऊ महिन्यांत तीन हजारांवर. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही.

त्याची पद्धत बघा. तो दिवसा झुडपात पडून राही, चाले बहुतेक रात्री. नाले, वावरं, रस्ते जे लागेल ते ओलांडून. त्यानं सोमवारची वाट पाहिली नाही, बूट घेतले नाहीत. चालताना बोलला नाही. शिवाय एकटाच गेला. पण तो चालला कशासाठी? अभ्यासकांचं म्हणणं असं की त्याला स्वतःची हद्द हवी होती, शिकार हवी होती आणि जोडीदारीण हवी होती. टिपेश्वर दीडशे चौरस किलोमीटरांचंही नाही. तरण्या नराला तिथं जागा कमी पडते. तब्येतीसाठी तो एक पाऊलही टाकत नव्हता. कुठंतरी जायचं होतं म्हणून गेला.

ही खोड आपल्यातही आहे, फक्त आपण ती ओळखत नाही. दुर्गोत्सवाचे नऊ दिवस आठवा. घरापासून शंभर पावलांवरच्या दुकानात स्कूटी काढून जाणारी माणसं त्या दिवसांत रात्री बारापर्यंत एका मंडळापासून दुसऱ्या मंडळापर्यंत पायी फिरतात, पोरगं खांद्यावर घेऊन. गर्दीत गाडी जात नाही, आणि देवी तर बघायचीच असते. त्या चालण्याला कोणी व्यायाम म्हणत नाही, म्हणून कोणी दमतही नाही. कळंबच्या चिंतामणीला तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, म्हणजे दर्शन झाल्यावर त्या चढाव्याही लागतात. 'बाप्पा, गुडघे गेले' म्हणणारी मावशी तिथं वर येताना एक शब्द काढत नाही.

इथं एक इशारा. हे मार्गदर्शन कापूस वेचणाऱ्या बाईला वाचून दाखवू नये. दिवसभर वाकून, पोटाशी बांधलेली ओटी भरत, किलोच्या भावानं वेचायचं, आणि संध्याकाळी वजन करून मजुरी घ्यायची. तिच्या पावलांचा हिशेब कोणतंही घड्याळ ठेवत नाही. तिला 'जरा चालत जा, वहिनी' असं सांगणारा पत्रकवाला यायचा तो गाडीतून येतो. एकाच तऱ्हेनं तासन् तास वाकण्यानं कंबर धरते. त्याला व्यायाम म्हणत नाहीत, झीज म्हणतात. तिला विसावा हवा, शेक हवा आणि पोटाला वेळेवर भाकर हवी.

भाकरीवरून आठवलं. आहाराचा विभाग सोपा आहे, कारण त्यात फक्त खरेदी असते. ज्वारीची भाकर ही गरिबाची म्हणून आपण ताटाबाहेर काढली आणि पोळीला बढती दिली. मग संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, आणि तीच ज्वारी बिस्किटात शिरून, चकचकीत पुड्यात, चौपट भावानं परत आली. आता ती खायला हरकत नाही. जवसाचंही तेच. आजी जवस भाजून, लसूण-तिखट घालून कुटायची, ती चटणी आपल्याला शिळ्या काळाची वाटते. ज्या ओमेगा-३साठी आपण मेक्सिकोकडचं चिया बी ग्लासात भिजवतो ते जवसात भरपूर असतं, पण जवस भिजवून फोटो चांगला येत नाही. अंबाडीची भाजी, भाकर, जवसाची चटणी आणि वर कांदा एवढं ताट रोजचं ठेवलं तर आहारतज्ज्ञाला बोलायला फार काही उरत नाही. म्हणून ते ठेवू नये. तज्ज्ञांनी जगावं कसं?

खर्रा आहारात धरत नाहीत. तो अन्न नाही आणि पाणीही नाही, त्यामुळे तक्त्यात त्याला रकानाच नसतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटताना मनगटाला उत्तम व्यायाम होतो, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. बाकी त्याच्या बाजूनं बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि जुन्या खर्रेबाजाचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

शेवटी सवयीचं शास्त्र. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २००९मध्ये दाखवलं की नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात. कुणाला १८, तर कुणाला थेट २५४. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. गोष्ट मात्र रोजच्या ठरलेल्या कामाला बांधलेली हवी: नाश्ता झाला की हे, जेवणाआधी ते. हे वाचून एखाद्याला वाटेल की घरपोच दुधाची पिशवी बंद करून रोज सकाळी पायी जाऊन आणावी, संध्याकाळची भाजी दोन हातांत दोन पिशव्या घेऊन बाजारातून आणावी, बावीस मिनिटं अशीच होऊन जातील. असं वाटणाऱ्यानं पुढची अडचण ध्यानात घ्यावी.

यवतमाळात एकट्यानं पायी चालणारा माणूस दिसला की गाडी थांबतेच. "काहून हो भाऊ, गाडी बिघडली काय? बसा, सोडून देतो." नाही म्हणणं उद्धटपणाचं. 'डॉक्टरनं चालाले सांगितलं' असं तर चुकूनही म्हणू नये. मग शुगर किती, उपाशीपोटीची किती, कोणता डॉक्टर, मेथीदाणे भिजवून घेता का, इतकं सगळं उभ्यानं होतं आणि दूध घरी पोहोचेपर्यंत नासतं. उत्तर एकच द्यावं: "चिंतामणीचा नवस आहे, पायीच जायचं बोललो." गाडीवाला हात जोडतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भेटेल. तेव्हा नवस एकवीस चतुर्थ्यांचा आहे असं सांगावं, आणि मधल्या दिवसांचा सराव चालू आहे असंही.