उडी तुमची, प्लास्टर सरकारचं

न्यूझीलंडवाल्यांना मानलं पाहिजे. क्वीन्सटाउनजवळ कावाराऊ नदीवर १८८० सालचा एक पूल आहे. आपल्याकडे असता तर 'पूल धोकादायक आहे' अशी पाटी लागली असती आणि पाटीखाली भज्यांची गाडी. तिथे १९८८ साली ए. जे. हॅकेट आणि त्यांच्या जोडीदाराने त्याच पुलावरून, रोख पैसे घेऊन, माणसं खाली सोडायला सुरुवात केली. पायाला रबरी दोर, खाली ४३ मीटरवर नदी: हीच ती बंजी उडी. आदल्याच वर्षी हे हॅकेट महाशय आयफेल टॉवरवरून उडी मारली म्हणून पॅरिसच्या पोलिसांच्या हाती लागले होते. पॅरिसमध्ये गुन्हा, क्वीन्सटाउनमध्ये उद्योग!

पण खरी गंमत पुलावर नाही, कायद्यात आहे. तिथे १९७४ पासून सरकारी अपघात योजना आहे. चूक कोणाची, हे ती विचारतच नाही. पाय मोडला की उपचारांचा भार उचलते, अगदी पाहुण्या पर्यटकाचासुद्धा. बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोणाला कोर्टात खेचायची सोय जवळपास नाही. म्हणजे तिकिटाचे पैसे ढकलणाऱ्याला, आणि प्लास्टरचा खर्च पुलाकडे कधी न फिरकलेल्या करदात्यालाही. अशी सोय असल्यावर धाडस न फुललं तरच नवल.

परदेशी पाहुण्याचा बुडालेला पगार मात्र ही योजना देत नाही. तेव्हा जाणार असाल तर प्रवासविमा काढा, आणि त्यात बंजी बसते का ते आधी वाचा.